व्हीटी हिचची जुळवणी: वेढे, कॉर्ड, पुली आणि तो नकोसा झोल

खोडकर

नमस्कार मंडळी. हिच म्हणजे झाडावर चढताना दोरावर हाताने सरकवता येणारी आणि भार दिला की धरणारी गाठ. ‘कोणती हिच सगळ्यात भारी’ या विषयावर इथे यथेच्छ हाणामारी होऊन गेली आहे, तिच्यात मला भर घालायची नाही. माझी हिच ठरलेली आहे, व्हीटी. प्रश्न तिच्या जुळवणीचा आहे.

आधीची मांडणी अशी होती: १३ मिमीचा सोळा पेडी दोर, त्यावर १० मिमीची आय-टू-आय (दोन्ही टोकांना डोळे असलेली) कॉर्ड, लांबी ८५ सेंमी, वर ४ वेढे आणि खाली २ गुंफणी. हिचच्या खाली हिच क्लायंबर पुली. वर बेचक्यात दोन कड्यांचा फ्रिक्शन सेव्हर, म्हणजे दोर सालीवर न घासता कड्यांतून चालावा म्हणून लावायचा पट्टा. पद्धत हलत्या दोराची, एमआरएस. यावर काम निवांत चाललं होतं.

आता दोर ११.७ मिमीचा चोवीस पेडी घेतला आणि वरच्या मोठ्या कडीच्या जागी पुली असलेला सेव्हर आला. कॉर्ड जुनीच. तेव्हापासून हिचचा स्वभाव बिघडलाय. खाली येताना वरून हात ठेवून सोडली की एकदम धावते. थांबून बसलं की वीतभर खाली गेल्यावर मगच धरते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फांदीवर पाय टेकवून दोर सैल पडला असेल आणि मग पुन्हा भार दिला, तर क्वचित धरायला वेळ लावते. वेढे वाढवू, कॉर्ड बदलू की सेव्हर जुना लावू? माझं वजन सगळ्या सरंजामासकट ८० किलोच्या आसपास.

वेणीफणी

तिसरी तक्रार शेवटी लिहिलीत, ती पहिली हवी होती. भार दिल्यावर हिच ताबडतोब धरत नसेल तर ती जुळवणीची बाब उरत नाही, त्या मांडणीवर वर जायचंच नाही. बाकी दोन गोष्टी त्रासाच्या आहेत, ही जिवाची.

तपासायची पद्धत साधी आहे. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर लटका. हिच हाताने पूर्ण सैल करा, पाय टेकवून दोराला झोल द्या, हिचला हात न लावता झटकन बसा. धरली? आता कुशीवर वळून, दोर तिरका ठेवून, पुन्हा तेच. मग हिच अर्धवट फिरवून, वेढे मुद्दाम विस्कटून. या सगळ्या अवस्थांत स्वतःहून धरत असेल तरच पुढचं बोलायचं.

तुमच्या बाबतीत कारण बऱ्यापैकी उघड आहे. १३ च्या दोरावर १० ची कॉर्ड ठीक होती. ११.७ च्या दोरावर १० ची कॉर्ड म्हणजे दोघांची जाडी जवळजवळ सारखी झाली. जाड कॉर्ड लहान वळणात नीट वळत नाही, वेढे दोराला चिकटून न बसता कमानीसारखे उभे राहतात, आणि सैल पडल्यावर उघडेच राहतात. बारीक कॉर्ड दोरात रुतते, जाड कॉर्ड त्यावरून सरकते. ११.७ साठी ८ किंवा ९ मिमी घ्या आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करा.

साधीगाठ

म्हणूनच मी म्हणतो, ब्लेक्स हिच बांधा आणि कामाला लागा. ना पुली, ना कॉर्ड, ना धागा.

वेणीफणी

आले! धागा निघाला की दोन प्रतिसादांत येणार हे माहीत होतं. :)

गुरुत्वमध्य

वेणीफणींच्या निदानाशी सहमत, पण ते अर्धंच आहे. खोडकरांनी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि दुसरी गोष्ट हिचपासून लांब, वर फांदीवर असल्यामुळे तिच्यावर संशय जात नाही.

एमआरएसमध्ये तुमचं वजन दोन दोरांवर लटकतं. एक तुमच्या कॅराबिनरला (गेट असलेल्या कडीला) पक्का बांधलेला, दुसरा हिचमधून जाणारा. वर घर्षण मुळीच नसेल तर ४०-४० किलोची वाटणी. पण घर्षण असतंच. खाली येताना दोर हिचच्या बाजूकडून वर जाऊन पक्क्या बाजूला उतरतो, त्यामुळे वरचं घर्षण हिचच्या मदतीला येतं आणि पक्क्या बाजूवर जास्त भार राहतो. अर्धा वेढा घेतलेल्या दोराच्या दोन्ही बाजूंच्या ताणाचं गुणोत्तर e चा μπ वा घात इतकं येतं (e सुमारे २.७२, μ म्हणजे घर्षणाचा गुणांक).

आकडे घालून बघू. सालीवरून थेट जाणाऱ्या दोराला μ = ०.३ धरला तर गुणोत्तर सुमारे २.५७. ८० किलोंपैकी हिचवर साधारण २२ किलो, पक्क्या बाजूवर ५८. कड्यांच्या सेव्हरला ०.२ धरला तर १.८७, म्हणजे हिचवर २८. चांगल्या पुलीला गुणोत्तर १.१ धरलं तर हिचवर ३८ किलो. μ प्रत्येक दोराचा, सालीचा वेगळा असतो, आकडे अंदाज यावा म्हणून.

तर कड्या काढून पुली लावल्याबरोबर, हिचला हातही न लावता, तिच्यावरचा भार एक तृतीयांशाने वाढला. सोडली की धावते त्याचं हे कारण. वर जो ब्रेक फुकट मिळत होता तो गेला.

खोडकर

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग जुना कड्यांचा सेव्हर परत लावू?

गुरुत्वमध्य

उलटी बाजू बघून ठरवा. वर चढताना दोर उलट दिशेने फिरतो, मग तेच घर्षण तुमच्या विरोधात जातं. ओढण्याच्या बाजूवर सालीवरून ५८ किलो, कड्यांवरून ५२, पुलीवरून ४२. दिवसभर फांदीवरून बाहेर जायचं, परत यायचं, असं काम असेल तर हा फरक खांद्यांना विचारा. सालीवरून दोर चालवला तर झाडाची साल आणि तिच्याखालचा जिवंत थरही घासला जातो, तेव्हा तो पर्याय बाजूलाच ठेवू.

मी पुली ठेवीन आणि हिच पुलीप्रमाणे बांधीन. पण ज्यांच्याकडे दोन्ही सेव्हर आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावं: कड्यांवर जुळवलेली हिच पुलीवर जशीच्या तशी चालत नाही. आणि काम करता करता दोर आणखी एखाद्या बेचक्यातून वळवला, तर ते घर्षणही यात मिसळतं. रीडायरेक्ट घेतल्यावर हिच अचानक सुस्त वाटते ती यामुळेच.

नवा_गडी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. एक वेढा वाढवला तर नेमका किती फरक पडतो? चारचे पाच म्हणजे पाव पट जास्त पकड, असं धरायचं का?

गुरुत्वमध्य

नाही, वेढ्यांचा परिणाम बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. स्थिर खांबावर दोराचा एक पूर्ण वेढा, μ ०.२ धरला, तरी ताणाचं गुणोत्तर साडेतीन पट होतं. हिच म्हणजे खांबावरचा दोर नव्हे, ती स्वतःच आवळते आणि सैल होते, त्यामुळे हा आकडा तिला जसाच्या तसा लावू नका. कल मात्र तोच. म्हणून एका वेढ्याने हिच ‘धावते’ची ‘हलतच नाही’ होते आणि लोक वैतागतात. मधली जागा वेढ्यांत नसते. ती गुंफणीत, कॉर्डच्या जाडीत आणि पायांच्या लांबीत शोधायची.

कप्पीपुराण

पायांच्या लांबीवरून मुद्दा काढलात ते बरं केलंत, कारण खोडकरांच्या ‘वीतभर खाली गेल्यावर धरते’चं मूळ तिथे आहे.

हिच आणि कॅराबिनर यांच्यामध्ये कॉर्डचे दोन पाय असतात. झोल घेताना खालची पुली हिचला वर ढकलते तेव्हा हे पाय बाहेरच्या बाजूला फुगतात. बसलात की आधी ते सरळ होणार, मग वेढे आवळणार, मग हिच धरणार. तेवढ्यात तुम्ही जितके खाली गेलात तो तुमचा झोल. म्हणून पाय जितके लांब तितका झोल जास्त.

आता गंमत बघा. बारीक दोरावर तीच कॉर्ड तेवढेच वेढे घेऊनही जास्त उरते. एका वेढ्याला लागणारी लांबी साधारण π गुणिले दोन्ही जाड्यांची बेरीज. १३ वर १० म्हणजे ७२ मिमी, ११.७ वर १० म्हणजे ६८ मिमी. फरक फार नाही. पण वेणीफणींचं ऐकून ८ मिमीची कॉर्ड घेतलीत तर एक वेढा ६२ मिमीचा. चार वेढ्यांत मिळून आधीपेक्षा चारेक सेंमी वाचले, गुंफणीतले वेगळे. तेव्हा ८ मिमीची कॉर्ड पुन्हा ८५ सेंमीचीच मागवू नका, झोल आणखी वाढेल. ७० ते ७५ च्या दरम्यान बघा. पाचवा वेढा घ्यायचा असेल तर तो सहा सेंमी खाणार, हेही हिशेबात धरा.

शिवलेल्या डोळ्यांऐवजी स्वतः गाठ मारून डोळे करणार असाल तर आधी गाठी भरपूर भाराखाली आवळून घ्या आणि मगच मोजा. दुहेरी फिशरमन गाठ पहिल्यांदा पूर्ण भार घेते तेव्हा बरीच सरकते. गाठीने एक फायदा मात्र होतो, लांबी हवी तशी बदलता येते. जुळवणी चालू असेपर्यंत गाठीचे डोळे, माप पक्कं झालं की त्या मापाची शिवलेली कॉर्ड, असं मी करतो.

नवा_गडी

मग पाय होतील तेवढे आखूडच का ठेवू नयेत?

कप्पीपुराण

कारण आखूडपणालाही एक टोक आहे आणि ते लांबीपेक्षा वाईट आहे. भार असताना हिचचा तळ पुलीच्या डोक्याला टेकता कामा नये. टेकला तर पुली हिचला खालून आधार देते, वेढ्यांना ताण मिळत नाही आणि हिच धरत नाही. लांब पायांनी तुम्ही वीतभर खाली जाता. फार आखूड पायांनी जमिनीपर्यंत जाऊ शकता. बसल्यावर हिच आणि पुलीमध्ये बोट सहज जावं इतकी फट मला हवीच असते.

व्हीटीचं आणखी एक आहे. तिच्या गुंफणीला उघडायला आणि मिटायला जागा लागते. फार आखूड बांधली तर पाय नको तेवढे फाकतात, आणि मग ती ओल्या लाकडात अडकलेल्या पाचरीसारखी बसते, हाताने सुटत नाही.

साधीगाठ

आता मला बोलू द्या. ब्लेक्स हिचची टिंगल करणाऱ्यांना आठवण: १९९४ मध्ये जेसन ब्लेक यांनी ती झाडावर चढणाऱ्यांसमोर आणली, त्याआधी ऑस्ट्रियात हाइन्त्स प्रोहास्का यांनी तीच गाठ मांडलेली होती. त्याच देशात कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रुसिक मांडली. म्हणजे या सगळ्या हिच एका कुळातल्याच. ब्लेक्सचे चार वेढे, टोक खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर, टोकाला अडसर म्हणून आठाची गाठ. जुळवायला काही नाही हाच तिचा गुण. पुली हरवली, कॉर्ड फाटली, तरी दोराच्या शेपटाने खाली येता येतं.

वेणीफणी

टिंगल नाही हो, मान्यच आहे. ब्लेक्स प्रत्येकाला डोळे मिटून बांधता आली पाहिजे. पण रोजच्या कामात तिची अडचण कोणालाही दिसते: जोरात खाली उतरलं की वरचे वेढे थंड राहतात आणि खालचा एकच भाग घासून काचेसारखा चकाकू लागतो. ती चकाकी म्हणजे वितळून थिजलेला धागा. मूळ दोराच्या टोकानेच बांधली असेल तर मूळ दोर कापावा लागतो. निदान वेगळा तुकडा वापरा.

आणि कॉर्ड कशाची आहे हे बघा, नुसती जाडी नाही. नायलॉन प्रकारानुसार २२० ते २६० अंशांच्या आसपास वितळतो, पॉलिएस्टर २५५-२६० ला, डायनिमासारखा पॉलिइथिलीन धागा १५० च्याही खाली. टेक्नोरासारखे अरॅमिड धागे वितळत नाहीत, ५०० च्या आसपास विघटित होतात. म्हणून हिच कॉर्डच्या बाहेरच्या आवरणात अरॅमिड असतं. डायनिमाची कॉर्ड मजबूत म्हणून कोणी हिचसाठी सुचवली तर हात जोडा. अर्थात अरॅमिड असलं तरी उष्णता जाते कुठे? समोरच्या दोरात. कॉर्ड शाबूत आणि दोराचं आवरण भाजलेलं, असंही होतं.

शेंड्यावरून

विषय एमआरएसचा आहे, पण मी एकेरी स्थिर दोरावर, एसआरएसवर काम करतो, म्हणून दोन गोष्टी.

इथे दोर वर हलतच नाही. त्यामुळे गुरुत्वमध्यांचं फांदीवरच्या घर्षणाचं सगळं गणित गळून पडतं, सेव्हर कोणताही असो हिचला फरक नाही. पण वजनाची वाटणीही नाही, पूर्ण ८० किलो हिचवर. नुसत्या हिचवर एसआरएसमध्ये उतरायला जाऊ नका. एकतर ती सुटणार नाही, नाहीतर सुटेल तेव्हा जाळत सुटेल. त्यासाठी रोप रेंच. केव्हिन बिंगहॅम यांची ही कल्पना मला फार आवडते, कारण तिने हिच बदलली नाही, हिचवरचा ताण कमी केला. रेंच हिचच्या वर बसतो, बसलात की टेदरमुळे (रेंचला खाली तुमच्या कॅराबिनरशी जोडणाऱ्या तुकड्यामुळे) तिरका होतो, दोराला दोन जागी वाकवतो आणि भाराचा मोठा वाटा स्वतः घेतो. चढताना सरळ होऊन दोरावरून नुसता घसरतो.

जुळवणीतलं सगळं मर्म टेदरच्या लांबीत आहे. आखूड झाला तर भार आल्यावर वर ताणली जाणारी हिच रेंचच्या बुडाला आपटते आणि पूर्ण आवळू शकत नाही. लांब झाला तर आधी हिच सगळा भार घेऊन घट्ट बसते आणि रेंच उगाच वर डुलत राहतो. बसून बघा: हिच पूर्ण ताणलेली, टेदर ताठ, रेंच तिरका, आणि हिचच्या माथ्यावर थोडीशी मोकळी जागा. हिचचे वेढे किंवा कॉर्डची लांबी बदललीत तर टेदर पुन्हा तपासायचा. लोक हे विसरतात. ताठ टेदर घ्या, लुळा टेदर चढताना रेंचला हिचवर पडू देतो.

रेंच जीव धरून ठेवत नाही, हिच धरते. रेंच आहे म्हणून हिचचे वेढे कमी करायचे, हा उद्योग करू नका.

बेचकं

+१. यात भर: रेंचवर उंचावर असताना उतरणं जड वाटतं आणि जमिनीजवळ हलकं, याचं कारण खाली लोंबणारा दोर. ११.७ चा दोर मीटरला १०० ग्रॅमच्या जवळपास भरतो, ३० मीटर शेपूट म्हणजे तीन किलो. हिच आणि रेंच मिळून खालचा ताण कित्येक पटींनी वाढवतात, म्हणून तीन किलो तिथे किरकोळ नाहीत. जुळवणी जमिनीजवळ करून वर गेलात की हिच घट्ट वाटणार, घाबरू नका. उलट करू नका: वर गेल्यावर सैल करून घेतलेली हिच खाली येता येता धावू लागते.

एमआरएसमध्ये मात्र तेच शेपूट कामाला येतं, पुलीतून आपसूक ओढलं जाऊन झोल घेतं.

नवा_गडी

एसआरएसमध्ये दोर बुंध्याला खाली बांधला तर चालतो ना? वर जाऊन बांधायला नको.

शेंड्यावरून

चालतो, पण वरच्या फांदीवर तुमच्या वजनाच्या दुपटीच्या जवळ भार येतो हे धरून फांदी निवडा. एक बाजू तुम्ही ओढता, दुसरी बुंधा.

कप्पीपुराण

हार्डवेअरचं थोडं राहिलं होतं. हिच क्लायंबर पुलीवर मुख्य कॅराबिनर घालताना क्रम असा: कॉर्डचा एक डोळा, मग पुली, मग दुसरा डोळा. पुली मधोमध राहते, दोन्ही पाय दोराच्या दोन्ही बाजूंना समान बसतात. पक्क्या बाजूच्या दोराचा कॅराबिनर पुलीच्या दुसऱ्या भोकात. सगळं एकाच कॅराबिनरवर कोंबलं तर तो फिरतो, भार गेटवर किंवा आडवा येऊ शकतो, आणि आडव्या भारात कॅराबिनरची ताकद लांबीतल्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते.

गेट तीन क्रियांचंच हवं: ओढा, फिरवा, उघडा. फिरवून आवळायचा साधा स्क्रूगेट चालत्या दोराच्या आणि फांद्यांच्या घासण्याने सुटत जातो. आकार ओव्हल किंवा बुडाला रुंद असा कोणताही, पण डोळे त्यावर एका बाजूला घसरत नाहीत ना ते बघा. एक पाय आखूड एक लांब असेल तर हिच दोराभोवती फिरत राहते, आणि मग आपण वेढ्यांना दोष देतो.

आणि हो, हे सगळं करण्यापेक्षा एखादं यांत्रिक साधन घेणं सोपं, हेही सांगून टाकतो. झिगझॅगसारखं साधन दोराच्या ठरलेल्या जाडीत रोज एकसारखं वागतं, ओल्या दिवशीही फार बदलत नाही.

वेणीफणी

एकसारखं वागतं हे खरं. पण दोराची जाडी त्याच्या मर्यादेबाहेर गेली, दोर झिजून बारीक झाला किंवा चिकाने फुगला, तर त्याला पाचवा वेढा घालता येत नाही. हिचचं दुखणं ती आधी दाखवते: चकाकी येते, कडक होते, आवाज बदलतो. धातूच्या पट्ट्यांची झीज बघायला डोळा तयार लागतो. शिवाय हिच कळल्याशिवाय यंत्र घेतलेला माणूस यंत्र अडलं की झाडावर अडकतो. पण हा वाद वेगळ्या धाग्यावर घालू, इथे खोडकर वाट बघतायत.

खोडकर

वाट बघत नव्हतो, खाली अंगणात गुडघाभर उंचीवर लटकत होतो. तुमचं ऐकून एका वेळी एकच बदल केला.

पहिल्यांदा सेव्हर, दोर तेच ठेवून फक्त कॉर्ड बदलली: ८ मिमी, अरॅमिड आवरणाची, गाठीचे डोळे, आवळून घेतल्यावर ७४ सेंमी. ४ वेढे, २ गुंफणी. विस्कटून, तिरकं बसून, कसंही केलं तरी लगेच धरते. तिसरी तक्रार संपली. पण सोडली की अजून धावत होती आणि हाताला गरम लागत होती. मग ५ वेढे, १ गुंफण. आता धावत नाही, पण बसल्यावर इतकी आवळते की सोडायला दोन्ही हात लागतात. शेवटी ५ वेढे, २ गुंफणी आणि कॉर्ड थोडी लांब, ७८ सेंमी. झोल चार बोटांवर आला, एका हाताने सुटते. कड्यांच्या सेव्हरवर हीच हिच जरा आळशी वाटते, पण धरते.

आता शंका ओल्या दिवसांची. आणि नवी कॉर्ड किती दिवस अशीच राहील?

बेचकं

नवी कॉर्ड अशी राहणार नाही. सुरुवातीला ती ताठ असते, थोड्या वापराने लवचीक होते आणि पकड वाढते. त्यामुळे नव्या कॉर्डवर ‘अगदी बरोबर’ वाटणारी हिच नंतर घट्ट होऊ शकते. आत्ता फार बारीक जुळवत बसू नका. पुढे ती गुळगुळीत होऊन सैलावेल, तो संकेत वेढा वाढवण्याचा नाही, कॉर्ड बदलण्याचा आहे. चकाकलेला पट्टा, चपटा झालेला भाग, दाबल्यावर आत पोकळ लागणं, आवरणातून गाभा दिसणं, यातलं एकही दिसलं की काढून टाका. सगळ्या सरंजामात सर्वांत स्वस्त भाग तोच आणि सर्वांत जास्त झिजणाराही तोच.

पाण्याचं म्हणाल तर दोर कशाचा आहे यावर अवलंबून. नायलॉन पाणी पितो, फुगतो, ताकदही काही टक्क्यांनी घटते. पॉलिएस्टर फारसं पीत नाही. ओल्यात बहुतेक हिच घट्ट होतात, पण पहिल्या सरीत, दोरावर धूळ आणि शेवाळाचा राप असताना, थोडा वेळ घसरड्याही होतात. पाऊस सुरू झाला की पुन्हा एकदा पूर्ण भार देऊन धरते का बघा, मगच फांदीवरून बाहेर निघा. चिकट चीक असलेल्या झाडावर हिच जाम होते. तिथे मी जुनी पण धडधाकट कॉर्ड वापरतो आणि नंतर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवतो. पेट्रोल, थिनर वगैरे चीक काढायला लावू नका.

साधीगाठ

खोडकर, झोल चार बोटांवर आला ते छान. पण एक विचारतो: लॅनयार्डवर (बुंध्याभोवती घ्यायच्या आखूड दोरावर) काय आहे? करवत चालवताना दुसरा बंध तोच असतो आणि तिथे लोक कुठलीही जुनी कॉर्ड टाकतात.

खोडकर

लॅनयार्ड १२ मिमीचा आहे, त्यावरही व्हीटी आणि छोटी पुली. १० मिमीची तीच जुनी कॉर्ड कापून लावायचा विचार होता.

साधीगाठ

नको. वर सांगितलेली अडचण इथेही आहे, १२ वर १० जाड पडते. शिवाय लॅनयार्डवर तुम्ही सतत सैल-ताण करता, भार बाजूने येतो, कधी पूर्ण तर कधी नाममात्र. नाममात्र भारातही घट्ट धरणारी हिच तिथे हवी. डिस्टेल हिच बांधा, ४ वेढे वर आणि १ खाली, ८ मिमी कॉर्ड, पाय आखूड. सुटायला व्हीटीपेक्षा थोडी हट्टी आहे, पण लॅनयार्डवरून कोणी खाली उतरत नाही, त्यामुळे चालतं.

वेणीफणी

साधीगाठ आणि डिस्टेल! हा प्रतिसाद मी जपून ठेवणार. सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर. फक्त पुलीचा गाल डिस्टेलच्या खालच्या वेढ्याला भिडत नाही ना ते भार देऊन बघा, आखूड पायांवर तिथे लगेच टेकतं.

खोडकर

बघतो. ८ मिमीची उरलेली कॉर्ड ५५ सेंमी आहे, तिच्यात गाठीचे डोळे होतील का?

कप्पीपुराण

५५ एकूण लांबी असेल तर नाही. दोन दुहेरी फिशरमन गाठी आणि त्यांची शेपटं यांतच बहुतेक कॉर्ड संपेल, डिस्टेलच्या पाच वेढ्यांना ३१ सेंमी वेगळे लागतात. नवीन कापा, दीड मीटर घ्या, उरलं तर कापता येतं.